लग्नसराई विशेष : ब्रॉन्झर म्हणजे काय? गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या रंगाला कोणतं घ्यायचं आणि कसं लावायचं

वडगाव रासाई : तुळशीचं लग्न लागलं की शिरूर आणि दौंड तालुक्यांत लग्नसराई सुरू होते, ती पार उन्हाळा संपेपर्यंत. भीमाकाठच्या गावांतही आता नवरीसाठी मेकअपवाली ताई बोलावणं नेहमीचं झालं आहे. फाउंडेशन, काजळ, लिपस्टिक सगळ्यांच्या ओळखीचं. पण मेकअपच्या पेटीतून तपकिरी पावडरची डबी निघाली की घरातल्या बायका हमखास विचारतात, "गोरं करायचं सोडून हे काळं कशाला लावताय?" ती पावडर म्हणजे ब्रॉन्झर. नीट निवडलं तर नवरीचा चेहरा जिवंत दिसतो, चुकीचं निवडलं तर आयुष्यभराच्या अल्बममध्ये मळकट दिसतो. म्हणून ही माहिती.

ब्रॉन्झर म्हणजे नेमकं काय?

उन्हात फिरून आल्यावर कपाळ, गालांचा उंचवटा आणि नाक यांवर जी उबदार तांबूस-तपकिरी झाक येते, ती उन्हात न जाता आणणारी पावडर किंवा क्रीम म्हणजे ब्रॉन्झर. कॉन्टूर वेगळं. कॉन्टूरचा रंग राखाडीकडे झुकणारा असतो आणि तो गालाखाली सावली पाडायला लावतात. ब्लशचा रंग गुलाबी. या तिन्हींची गल्लत होते आणि तिथूनच बिघडायला सुरुवात होते.

ही वस्तू मुळात युरोपातल्या गोऱ्या लोकांसाठी तयार झाली. १९२० च्या दशकात तिकडे उन्हाने रापलेली त्वचा फॅशनमध्ये आली. गेर्लां या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये 'टेराकोटा' नावाची पावडर आणली, ती आजही विकली जाते. जन्मतः तांबड्या केसांच्या लोकांना तर ब्रॉन्झर फार उपयोगाचं. त्यांच्या त्वचेत लालसर-पिवळं मेलानिन जास्त आणि गडद मेलानिन कमी असतं. त्यामुळे त्यांची त्वचा उन्हात रापत नाही, भाजते.

आपल्याकडे मात्र उलटं झालं. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली आणि पुढच्या पिढ्यांना गोरेपणाच विकला गेला. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. लग्नाच्या बैठकीत मुलीचा रंग विचारायची सवय मात्र अजून गेलेली नाही.

मग आपल्या नवरीला त्याचा काय उपयोग?

उपयोग आहे, पण रापलेलं दिसण्यासाठी नाही. आपल्याकडच्या मुली कॉलेजला, कंपनीत गाडीवर जाताना तोंडाला स्कार्फ बांधतात. शेतात काम करणाऱ्याही तोंड झाकून घेतात. त्यामुळे चेहरा उजळ राहतो आणि मान, हात रापतात. त्यावर दोन शेड गोरं फाउंडेशन लावलं की चेहरा पांढरा, मान वेगळी आणि हिरव्या चुड्यातले हात तिसऱ्याच रंगाचे दिसतात. अक्षता पडताना काढलेल्या फोटोत हे लगेच कळतं. चेहरा, मान आणि हात एकाच बाईचे दिसावेत, हे काम ब्रॉन्झर करतं.

कोणत्या रंगाला कोणतं?

साधा नियम : ब्रॉन्झर आपल्या त्वचेपेक्षा एक किंवा फार तर दोन शेड गडद हवं. त्यापेक्षा जास्त नको.

खूप गोरी कांती, घारे डोळे, भुरे केस : फिकट बदामी किंवा मधासारखी शेड घ्या. नारिंगी झाक असलेली डबी टाळा, कारण गोऱ्या त्वचेवर ती लगेच गाजरासारखी दिसते. अगदी राखाडी शेडही नको, तिने चेहरा मळलेला वाटतो.

मेंदीने किंवा रंगाने तांबडे झालेले केस : केसांतच तांबूसपणा आहे, त्यामुळे चेहऱ्यावर अजून तांबडं वाढवू नका. साधं, न चमकणारं तपकिरी बरं. नवरीच्या आईला, आजीलाही हाच नियम.

गव्हाळ रंग : आपल्याकडे बहुतेकींचा हाच. कॅरॅमल किंवा गुळासारखी सोनेरी-तपकिरी शेड चालते.

सावळा आणि गडद रंग : लालसर किंवा तांब्याची झाक असलेलं गडद तपकिरी घ्या. फिकट शेड लावली तर त्वचेवर राख फासल्यासारखी दिसते. डबीवर 'मीडियम' किंवा 'डार्क' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. परदेशी कंपनीचं 'डार्क' आपल्या गव्हाळ रंगालाच पुरतं, असंही होतं.

शेड कशी तपासायची?

मनगटावर लावून बघू नका. जबड्याच्या कडेला, मानेजवळ थोडं लावा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, बाहेर उजेडात या आणि आरशात बघा. फाउंडेशन लावल्यावर १०-१५ मिनिटं थांबा, कारण काही फाउंडेशन हवा लागली की गडद होतात. नवीन वस्तू असेल तर आदल्या दिवशी कानामागे लावून ठेवा. खाज किंवा लाली आली तर ती वापरूच नका.

हळदीचा हिशोब विसरू नका

ट्रायल मेकअप बहुतेक वेळा लग्नाच्या आठ-पंधरा दिवस आधी होतो, आणि हळद लागते आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी. धुतल्यावरही हळदीची पिवळी झाक त्वचेवर राहते, मानेवर आणि हातांवर तर जास्तच. ट्रायलला छान दिसलेलं ब्रॉन्झर या पिवळ्यावर नारिंगी दिसू शकतं. म्हणून पेटीत जरा कमी उबदार अशी दुसरी शेडही ठेवायला सांगा. हळद काढायला चेहरा खसाखसा घासू नका, त्वचा लाल होते आणि मेकअप फाटल्यासारखा दिसतो. थोडं तेल लावून मऊ कापडाने पुसा, मग धुवा.

लावायची पद्धत

१. क्रीमचं ब्रॉन्झर असेल तर पावडर लावायच्या आधी, पावडरचं असेल तर पावडर लावल्यानंतर. एप्रिल-मेच्या उन्हात मांडवात बसायचं असेल तर पावडरचंच बरं.

२. मोठा, मऊ ब्रश घ्या. पावडर घेतल्यावर ब्रश झटका. एकदम जास्त लावलेलं काढणं अवघड, कमी लावलेलं वाढवणं सोपं.

३. कपाळाच्या कडेपासून सुरू करा, गालाच्या उंचवट्यावर या, मग जबड्याच्या कडेला. बाजूने पाहिलं तर मराठी तीनच्या आकड्यासारखी रेघ होते. उरलंसुरलं नाकावरून आणि हनुवटीवरून फिरवा.

४. मान आणि कान विसरू नका. नथ, मुंडावळ्या आणि ठुशी यांमुळे सगळ्यांची नजर तिथेच जाते.

५. कडा पुसट करा. रेघ दिसली की पंचाईत.

६. घाम आला तर टिश्यू दाबून टिपा, घासू नका. चमकी असलेलं ब्रॉन्झर संध्याकाळच्या मांडवात एलईडीखाली घामासारखं दिसतं. एखादा फोटो फ्लॅश मारून आधीच काढून बघा. सनस्क्रीनमधल्या किंवा पावडरमधल्या काही घटकांमुळे फ्लॅशमध्ये चेहरा पांढरा पडतो.

गोरं करणाऱ्या क्रीमपासून सावध

लग्न ठरलं की "महिन्यात गोरी" करणारं क्रीम घरात येतं. धोका खरा इथे आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींना असं क्रीम लावल्यावर मूत्रपिंडाचा आजार झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात केलेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला. कायद्याने क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. २०१८ पासून अशी क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, उन्हात जळजळते, पुटकुळ्या येतात, नको तिथे केस वाढतात. थांबवलं की त्रास अजून उसळतो. असं क्रीम चालू असेल तर लग्नाची वाट न बघता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पुण्यात ससूनमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे.

कोणतंही क्रीम घेताना बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, घटकांची यादी आणि वापरायची मुदत डबीवर आहे का बघा. बिननावाच्या डबीत भरून दिलेलं काहीही तोंडाला लावू नका.

मेकअपवाली ठरवताना काय सांगाल?

"गोरं करा" असं सांगू नका. "मानेच्या रंगाला जुळवा" असं सांगा. ट्रायल दिवसा, उजेडात घ्या. लग्नाचा मुहूर्त दुपारचा की गोरज, हळद कधी आणि मांडव उघडा की हॉल, हे आधीच कळवा. आणि घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा : पोरीचा रंग तिचा आहे, मेकअप तो लपवायला नाही, खुलवायला असतो.