पडद्यावरचा हिरवा, कागदावरचा हिरवा

लग्नाचा अल्बम घरी आला की एक तक्रार हमखास ऐकू येते. मोबाइलवर नवरीचा शरारा लखलखीत हिरवा दिसत होता, अल्बममध्ये तो मळकट का झाला? घरचे फोटोग्राफरला बोल लावतात, फोटोग्राफर लॅबकडे बोट दाखवतो आणि लॅबवाला म्हणतो, तुमचा मॉनिटरच बरोबर नाही. गंमत अशी की तिघेही आपापल्या जागी खरे असू शकतात. म्हणूनच हा तंटा मिटत नाही.

हा प्रश्न कॉम्प्युटरने आणला, असा आपला समज असतो. पण पडदा आणि कागद यांच्यातल्या भांडणाचा मूळ मुद्दा कॉम्प्युटरच्या अडीचशे वर्षे आधी छापून आला होता. आणि रंग पाहताना आपला डोळा नेमके काय करतो, याचा विचार तर त्याच्याही सातशे वर्षे आधी झाला होता.

इब्ने हैसम यांचा भोवरा

इब्ने हैसम यांचा जन्म ९६५ च्या सुमारास बसऱ्यात झाला आणि १०४० च्या सुमारास कैरोत त्यांचे निधन झाले. त्यांच्या सात भागांच्या ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथाची ओळख प्रकाशशास्त्राचा पाया म्हणून आपण करून देतो आणि तिथेच थांबतो. त्यात रंगांविषयी जे आहे, ते फारसे सांगितले जात नाही.

वस्तूचा रंग तिच्यावर पडणाऱ्या उजेडानुसार बदलून दिसतो, हे त्यांनी नोंदवले. एकच रंग पांढऱ्या पृष्ठभागावर गडद आणि काळ्या पृष्ठभागावर फिका भासतो, हेही त्यांनी पाहिले. वेगवेगळ्या रंगांच्या रेघा ओढलेला भोवरा फिरवला की सगळे रंग मिसळून एकच नवा रंग दिसतो, हे उदाहरण त्यांनी दिले. या सगळ्यातून त्यांनी असे दाखवले की पाहणे हे एकट्या डोळ्याचे काम नाही. डोळा जे आणतो त्यावर मन निवाडा करते, आणि तो इतक्या झटपट करते की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्या अल्बमचा प्रश्न इथूनच सुरू होतो. पिवळ्या बल्बखाली पांढरा कागद पिवळसर असतो, तरी मन त्याला पांढराच म्हणते. निळसर पडद्यालाही ते पांढराच म्हणते. दोन्ही शेजारी ठेवले की मात्र मनाची फजिती होते. मग आपण म्हणतो, छपाई चुकली.

उजेडाचा रंग आणि शाईचा रंग

जेकब क्रिस्टोफ ल ब्लाँ हा १६६७ मध्ये फ्रँकफुर्टला जन्मलेला चित्रकार. निळ्या, पिवळ्या आणि लाल अशा तीन पाट्यांवरून एकाच कागदावर एकापाठोपाठ ठसे घेऊन त्याने रंगीत चित्रे छापली. त्यासाठी १७१९ मध्ये त्याने इंग्लंडच्या राजाकडून पेटंट मिळवले. त्याची कंपनी पुढे बुडाली. पण १७२५ मध्ये ‘कोलोरिटो’ या छोट्या पुस्तकात त्याने जे मांडले, ते आजही प्रत्येक छपाईवाल्याला लागू आहे. हाताला लागणारे रंग एकत्र केले की काळा होतो आणि हाताला न लागणारे रंग, म्हणजे उजेडाचे, एकत्र केले की पांढरा होतो. दुसरा निष्कर्ष न्यूटनने आधीच सिद्ध केला होता. ल ब्लाँने दोन्ही शेजारी ठेवले.

पडदा आणि कागद यांच्यातला फरक हाच आहे. पडदा लाल, हिरवा आणि निळा उजेड स्वतः फेकतो आणि त्यांची बेरीज करतो. कागदाकडे स्वतःचा उजेड नसतो. शाई खोलीतल्या उजेडातला काही भाग खाते आणि उरलेला परत पाठवते, म्हणजे वजाबाकी करते. आजच्या शाया निळसर सायन, गुलाबी मॅजेन्टा आणि पिवळी अशा असतात. त्या एकमेकींत मिसळल्या की खरा काळा न होता चिखलासारखा रंग होतो, म्हणून काळी शाई वेगळी घालावी लागते. ल ब्लाँही कधीकधी काळी पाटी वापरत असे.

त्यानंतरची शे-दीडशे वर्षे मूळ चित्र आणि छपाई यांचा मेळ कारागिराच्या नजरेवरच सोपवलेला होता. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्मा यांचा छापखाना असाच चालत असे. प्रत्येक रंगछटेसाठी वेगळा दगड असायचा. कोणती छटा कुठे किती द्यायची, हे दगडावर काम करणारा माणूस ठरवायचा. नजर पक्की असेपर्यंत हे ठीक होते. पण एकाची नजर दुसऱ्याला देता येत नाही, ती पत्राने कळवताही येत नाही. त्यासाठी आकडा लागतो.

सतरा जणांचे डोळे

तो आकडा शोधण्याच्या कामात जेम्स क्लार्क मॅक्सवेलने पुन्हा भोवराच हातात घेतला. १८५० च्या दशकात रंगीत कागदाच्या चकत्या भोवऱ्यावर लावून, कोणत्या रंगाचा किती भाग घेतला तर कोणता रंग जुळतो, हे तो मोजू लागला. पुढे त्याने उजेडाचे रंग जुळवणारी एक पेटी बनवली. १८६० च्या निबंधातले निरीक्षक दोनच होते, तो स्वतः आणि त्याची पत्नी कॅथरीन. एकाच घरातल्या या दोघांच्या डोळ्यांची मोजमापेही तंतोतंत जुळली नाहीत. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने एका चौकड्याच्या फितीचे तीन फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडात एकावर एक टाकून दाखवले. आजचा प्रत्येक पडदा त्याच युक्तीवर चालतो.

१९२० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये डब्ल्यू. डी. राइट आणि जॉन गिल्ड यांनी हे काम स्वतंत्रपणे पुढे नेले. माणसाने एका नळीतून छोटे वर्तुळ पाहायचे. हात लांब केल्यावर अंगठा जेवढा रुंद दिसतो, साधारण तेवढे ते वर्तुळ. त्याच्या एका अर्ध्यात एक रंग असायचा. दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरवा आणि निळा उजेड कमीजास्त करत मधली रेघ नाहीशी होईपर्यंत जुळवायचे. राइट यांच्याकडे दहा माणसे होती आणि गिल्ड यांच्याकडे सात. या सतरा जणांची सरासरी घेऊन प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ मध्ये केंब्रिजला एक ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. आज तुमच्या मोबाइलपासून मोठ्या छापखान्यापर्यंत रंगाचा हिशोब ज्या आकड्यांत होतो, त्यांच्या मुळाशी हीच सरासरी आहे.

म्हणजे अचूक रंग ही निसर्गाने बांधून दिलेली गोष्ट नाही. तो माणसांनी केलेला करार आहे. करार झाला की एक प्रश्न विचारायलाच हवा: करार करताना कोण हजर होते?

डोळ्याच्या बाबतीत या प्रश्नाने फार बिघडत नाही, कारण त्या सतरा जणांचे रंग पाहणे आपल्यापेक्षा फारसे वेगळे नव्हते. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र बिघडले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून रंगीत फोटो धुणाऱ्या लॅबना यंत्र जुळवण्यासाठी कोडॅककडून एक नमुना फोटो येत असे. त्यात गोरी स्त्री असायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर. मग त्या यंत्रातून सावळे, काळे चेहरे तपशील हरवून बाहेर पडत. कॅनडाच्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास लिहिला आहे. त्यात एक गोष्ट चटका लावणारी आहे. फिल्ममध्ये गडद छटा नीट याव्यात यासाठी कंपनीवर दबाव आला, तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचरची जाहिरात करणाऱ्यांकडून. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड यायला १९९० चे दशक उजाडले. आपल्या घरातल्या जुन्या रंगीत फोटोंत एखादी सावळी आजी चेहऱ्याऐवजी सावलीसारखी दिसत असेल, तर दोष फक्त फ्लॅशला देऊ नये.

दोन भाषांमधला अनुवाद

कॉम्प्युटर आल्यावर नवी अडचण उभी राहिली. प्रत्येक पडदा आणि प्रत्येक प्रिंटर आपली बोली बोलू लागला. १९९३ मध्ये अ‍ॅडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापन केला. त्यांनी काढलेला तोडगा अनुवादाचा होता. प्रत्येक यंत्राचे एक ‘प्रोफाइल’ असेल, म्हणजे त्याच्या बोलीचा शब्दकोश. पडद्याचा रंग आधी १९३१ च्या आकड्यांवर बेतलेल्या मधल्या भाषेत जाईल आणि तिथून प्रिंटरच्या भाषेत. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने साध्या पडद्यांसाठी ‘एसआरजीबी’ हे माप सुचवले. बहुतेक लॅब आजही तेच मागतात.

पण अनुवाद करणाऱ्याला ठाऊक असते की काही शब्द दुसऱ्या भाषेत नसतातच. ‘तहजीब’ला मराठीत एक नेमका शब्द सापडत नाही, तसा पडद्यावरचा झळझळीत हिरवा किंवा गर्द निळा शाईत सापडत नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, सगळेच रंग थोडे मागे सारायचे आणि त्यांचे आपसातले नाते टिकवायचे. दोन, जमतात ते जसेच्या तसे ठेवायचे आणि न जमणारे जवळच्या रंगावर आणून सोडायचे. शराऱ्याचा हिरवा यातल्या कुठल्या तरी वाटेने गेलेला असतो. त्यात कोणाची लबाडी नसते.

तरीही बरेच काही आपल्या हातात आहे. फोटो काळपट छापून येतो, याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पडदा गरजेपेक्षा फार उजळ ठेवलेला असतो. तो कमी करावा. नियमित काम असेल तर पडदा मोजणारे यंत्र लावून जुळवून घ्यावा. लॅबकडून त्यांच्या कागदाचे प्रोफाइल मागावे आणि छापण्याआधी त्यातून फोटो पाहावा. रंगाचे रूपांतर एकाच ठिकाणी होऊ द्यावे, सॉफ्टवेअरमध्ये किंवा प्रिंटरमध्ये. दोन्हीकडे झाले की रंग हमखास बिघडतो. मोठा अल्बम छापण्याआधी एक छोटा नमुना काढून घ्यावा, आणि त्यात कपड्यांच्या आधी चेहरे पाहावेत.

तो नमुना रात्री ट्यूबलाइटखाली तपासू नये. दिवसा खिडकीजवळ न्यावा, थेट ऊन टाळावे, डोळ्यांना थोडा वेळ द्यावा आणि मग बोलावे. उजेड बदलला की रंग बदलतो, हे हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. लॅबवाल्याशी भांडण्याआधी तेवढे तपासून पाहायला हरकत नाही.