दांडा आणि दट्ट्या

गेवराई तालुक्यातले चकलांबा असो की पुण्यातले एखादे मंगल कार्यालय, लग्नसराईत कॉफीचे एक यंत्र ठरलेले असते. शेगडीवर तापलेल्या टाकीतून निघालेली नळी दुधाच्या भांड्यात सोडायची, वाफेने दूध फेसाळले की त्यात झटपट विरघळणारी कॉफी आणि साखर, वरून कोकोची भुकटी. या पेयाला आपण एस्प्रेसो म्हणतो. त्यातला फेस दुधाचा आणि वाफेचा. मूळ एस्प्रेसोचा तांबूस साय धरणारा फेस मात्र दाबातून येतो, आणि तो दाब कपापर्यंत पोहोचायला इटलीलाही साठहून अधिक वर्षे लागली. आपल्याकडे वाफ आली, दाब वाटेत राहिला.

त्या वाटेने जरा मागे जाऊ. 1884 मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात अँजेलो मोरिओंदो याने वाफेवर चालणारे कॉफीयंत्र मांडले. पदकही मिळाले, पण त्याने ते व्यापारात फारसे उतरवले नाही आणि त्याचे नाव जवळजवळ पुसले गेले. 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेत्झेरा याने एकेक कप ताजा काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मागितले, देझिदेरिओ पावोनी याने ते हक्क विकत घेतले आणि 1906 च्या मिलान प्रदर्शनात ही कॉफी लोकांसमोर आली. या यंत्रांचा दाब जेमतेम दीड बार. तो वाढवायचा तर पाणी आणखी तापवावे लागे आणि कॉफी करपट होई. उष्णता आणि दाब यांची गाठ सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. मिलानमधल्या आकिले गाज्जा याने 1938 मध्ये दट्ट्याचे पेटंट नोंदवले. त्याच्याआधी या दिशेने धडपडलेल्या क्रेमोनेसी या तंत्रज्ञाचे नाव आज क्वचितच कोणी घेते; मला तो या कथेतला सर्वांत अन्याय झालेला माणूस वाटतो. युद्धानंतर, 1947 मध्ये, गाज्जाने दट्ट्याला स्प्रिंग आणि लांब दांडा जोडला. दांडा खाली ओढला की स्प्रिंग आवळते, सोडला की तीच पाण्याला आठ-नऊ बारने कॉफीतून ढकलते. पाणी उकळीच्या खाली, दाब वाफेच्या यंत्रांच्या पाच-सहापट.

पुढचे वळण 1961 चे, आणि ते दुहेरी आहे. त्या वर्षी फाएमा कंपनीच्या ई-61 यंत्राने विजेचा पंप आणला आणि कॅफेतला दांडा हळूहळू निवृत्त झाला. त्याच वर्षी ला पावोनीच्या ‘युरोपिकोला’ने दांड्याला स्वयंपाकघरात जागा दिली. स्प्रिंगही गेली; जोर थेट हाताचा.

हाच दांडा आणि हाच दट्ट्या आपल्या मराठवाड्याने वेगळ्या कामासाठी घडवला आहे. ओतीव लोखंडाचे जुने हापसे एका कुटुंबापुरते बेतलेले होते. अख्खे गाव हापसू लागले की ते मोडत. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात चकलांब्यापासून गोदावरीपलीकडच्या जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी ‘जालना पंप’ केला, सोलापुरात तो सुधारला गेला, आणि 1970 च्या दशकात युनिसेफच्या साथीने त्यातूनच ‘इंडिया मार्क-2’ उभा राहिला. कॉफीयंत्र कॅफेतून घरात शिरले, हापसा घरातून गावात आला. प्रवास उलटे, तरफेचा हिशेब एकच. हापशाच्या दांड्याचे गुणोत्तर साधारण आठास एक. आता कॉफीसाठी पाच सेंटीमीटर व्यासाचा दट्ट्या घेऊ. त्यावर नऊ बार उभे करायला सुमारे 180 किलोचा भार लागतो; आठास एकच्या दांड्याने हाताला तो साडेबावीस किलो पडतो. व्यास चार सेंटीमीटर केला की साडेचौदा. एवढा जोर कोणत्याही घरात आहे.

एकविसाव्या शतकात ब्रिटनमधल्या ‘प्रेसो’ने आणि अमेरिकेतल्या ‘फ्लेअर’ने बॉयलरसुद्धा काढून टाकला: पाणी किटलीत तापवायचे, सिलिंडरमध्ये ओतायचे, दांडा दाबायचा. वीज नको, वाफेच्या स्फोटाची धास्ती नको. म्हणून चकलांब्यासारख्या गावात कोणी असे यंत्र करायला घेतले, तर लेथ, वेल्डिंग आणि हापशाचे वायसर बदलणारा हात एवढी सामग्री जवळपास सापडते. काटेकोरपणा हवा तो अन्नाला चालणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सिलिंडरची आतली बाजू गुळगुळीत करण्यात आणि गरम पाण्यात टिकणाऱ्या सिलिकॉनच्या सीलमध्ये. शिवाय बैठक मोठी हवी, जोर लावताना यंत्र कलंडले तर गरम पाणी अंगावर येते. आणि एक गोष्ट दांड्याच्या हातात नाही. पाण्याला अडवते ती बारीक, एकसारखी दळलेली, ठासून बसवलेली पूड. ती जाडीभरडी असेल तर दांडा विनाविरोध खाली येतो, दाब उभाच राहत नाही. म्हणून यंत्राआधी दळणाची सोय लावावी लागते.