टाकीतली पानगळ

मंडळी, मागच्या विकांताला केडगावला घरी गेलो आणि उत्साहाच्या भरात दारातल्या पेरूची ओली फांदी पानांसकट माशांच्या टाकीत खोचली. 'नॅचरल लुक' हो! मंगळवारी आईचा फोन, "अरे, मासे वर येऊन तोंड वासतायत." दोन गेले.

चूक शोधायला बसलो आणि थेट लंडनला पोचलो. १८४९ साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने ऑक्सिजन द्यायचा, माशांनी जगायचं, असा हिशोब. पण जुनी पानं सडू लागली, पाणी गढूळ झालं. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पानं फस्त केली आणि गाडी रुळावर आली. १८५० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. म्हणजे हा छंद वाढला तोच सडक्या पानांचा बग सोडवत!

माझा बगही तोच. ओली पानं सडताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. म्हणून आता नियम असा: देशी बदामाची आपोआप गळलेली, तपकिरी, फवारणी न झालेली पानं, धुऊन, एकदोनच. फांदी पूर्ण वाळलेली, साल काढून उकळलेली, बुडेपर्यंत भिजवलेली. कण्हेर विषारी, ती चुकूनही नको. पाण्याला चहासारखा रंग आला तर घाबरू नका, ते टॅनिन.

हे सगळं आईला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी आधी वाच, मग खोच."

असो.