ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरीच बदलताय? काम अडते ते या जागांवर

ऑटोमॅटिक गाडी आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, म्हापसा, कुठेही बघा, ती दिसतेच. यातल्या पहिल्या खेपेच्या गाड्या आता जुन्या झाल्या, वॉरंटी कधीच संपली. अशा गाडीचा गिअरबॉक्स गेला की नव्याचा खर्च ऐकून मालकाला घाम फुटतो. मग विचार सुरू होतो : त्याच मॉडेलचा जुना गिअरबॉक्स आणू आणि ओळखीच्या मेस्त्रीला हाताशी धरून दारातच बसवू. हे काम होऊ शकते. मात्र आणलेला गिअरबॉक्स चांगला असूनही ते फसू शकते, कारण तो गाडीला जिथे जिथे जोडला जातो, त्या प्रत्येक जागी चुकायला वाव असतो.

आधी प्रकार ओळखा

'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली वेगवेगळ्या वस्तू येतात. एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्यातला क्लच आणि गिअर यंत्र हलवते. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओपासून तो घरोघरी पोचला. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात, डीसीटीत दोन क्लच. चौथा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरवाला. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाच्या प्रवाहाने ताकद पोचते. पुढची माहिती या चौथ्या प्रकाराची आहे. एकाचा नियम दुसऱ्याला लावायला जाऊ नये.

गिअरबॉक्सच गेलाय का?

गिअर उशिरा पडतो, धक्का बसतो, गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, म्हणजे गिअरबॉक्स गेलाच असे नाही. तेल कमी असणे, सोलेनॉइड खराब होणे, वायरिंगला गंज चढणे यानेही हेच होते. आधी स्कॅनर लावून कोड वाचावेत आणि तेल बघावे. तेलाच्या पॅनमधल्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणे साधारण आहे. चमकणारे धातूचे तुकडे किंवा करपलेला वास असेल तर मामला गंभीर.

आणखी एक. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढत गॅरेजपर्यंत नेऊ नये. इंजिन बंद असले की बहुतेक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. ओढणारी चाके जमिनीवरून उचलून न्यावीत, किंवा सरळ फ्लॅटबेड मागवावा.

जुना माल घेताना

मुंबईचे कुर्ला, दिल्लीचे मायापुरी, बंगळूरचा जे. सी. रोड इथे गाड्यांचे पार्ट शोधत लोक जातात. बाहेरून सारखा दिसणारा गिअरबॉक्स आतून वेगळा असू शकतो. इंजिन तेच पण गिअरचे प्रमाण वेगळे, किंवा सेन्सरचा कनेक्टर वेगळा, असे होते. म्हणून मॉडेल आणि वर्षावर न थांबता गिअरबॉक्सवरचा कोड जुळवावा. जमल्यास त्याच गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर आणि कंट्रोल युनिटही सोबत घ्यावे. बिल घ्यावे आणि त्यावर मूळ गाडीचा चेसिस नंबर लिहून मागावा. विकणारा नंबर द्यायला तयार नसेल तर माल तिथेच ठेवावा.

सगळ्यात महागडी चूक

टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर बसवताना तो नुसता टेकला म्हणजे बसला असे होत नाही. साधारणपणे तीन ठिकाणी खाचा जुळाव्या लागतात : आतल्या शाफ्टवर, त्याच्या भोवतीच्या स्थिर नळीवर आणि शेवटी तेलाच्या पंपात. हलके फिरवत, आत दाबत राहिले की तो टप्प्याटप्प्याने 'खट्' करत आत जातो. शेवटचा टप्पा राहिला तरी वरवर बघणाऱ्याला सगळे ठीकच वाटते.

खरी परीक्षा पुढे असते. गिअरबॉक्स इंजिनाला भिडवताना दोघांमध्ये फट राहिली तर ती बोल्ट आवळून मिटवायचा मोह होतो. तो टाळावा. बोल्टने ओढून बसवले की पंपाचा गिअर किंवा त्याचे घर फुटते आणि आणलेला गिअरबॉक्स एक मीटरही न चालता भंगारात जातो. दोन्ही तोंडे हाताच्या जोराने पूर्ण मिटली पाहिजेत. मिटल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेटपासून त्याला थोडी मोकळीक दिसली पाहिजे. बऱ्याच गाड्यांत ती ३ ते ५ मिलिमीटरच्या आसपास असते, पण अंतिम आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचाच.

जुळवणीच्या डॉवेल पिना जुन्या गिअरबॉक्सबरोबर निघून जातात आणि नवा तसाच चढवला जातो. मग सगळे किंचित तिरके बसते, पुढचे सील गळू लागते. डॉवेल हरवली तर उद्यमबागेत किंवा शिरोलीत लेथवर मापाने करून घेता येईल. मात्र तडा गेलेली फ्लेक्सप्लेट वेल्डिंग करून वापरू नये, ती बदलावीच.

कूलर आणि तेल

जुन्या गिअरबॉक्सचा चुरा तेलाच्या कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये साचलेला असतो. तो साफ न करता नवा जोडला की तीच घाण नव्यात जाते. चुरा जास्त असेल तर कूलर बदललेला बरा. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचेच हवे. रंग लाल आहे म्हणून चालेल, हा हिशोब चुकीचा. तेलाची पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर बघतात. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, खालच्या बोल्टमधून जादा तेल सांडू देऊन पातळी ठरवतात.

केबल आणि कॉम्प्युटर

गिअरच्या दांड्याची केबल आणि पी-एन स्विच नीट लावला नाही तर गाडी स्टार्टच होत नाही. त्याहून वाईट म्हणजे ती 'डी'मध्ये स्टार्ट होते आणि समोर उभ्या माणसावर जाते. कंट्रोल युनिटमध्ये जुन्या गिअरबॉक्सच्या सवयी साठवलेल्या असतात. त्या स्कॅनरने पुसून नव्याने शिकवाव्या लागतात. काही गाड्यांत युनिट चावीच्या सुरक्षा प्रणालीशी बांधलेले असते. तिथे कोडिंग करणारा माणूस आधीच ठरवून ठेवावा, नाहीतर सगळे बसवूनही गाडी दारातच उभी राहते.

जीव महत्त्वाचा

कन्व्हर्टरसह गिअरबॉक्सचे वजन सहज ६० किलोच्या वर जाते. गाडी विटांवर किंवा नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नये. सपाट काँक्रीटवर जॅक-स्टँड लावावेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, गिअरबॉक्स उतरवायला त्याचाच जॅक भाड्याने आणावा. पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिनाचा भार काही अंशी गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर असतो, म्हणून इंजिनालाही वरून आधार हवा.

कागदपत्रे

त्याच मॉडेलचा, त्याच प्रकारचा गिअरबॉक्स बसवला तर ती दुरुस्ती झाली. मॅन्युअल गाडीला ऑटोमॅटिक करायचे असेल तर प्रश्न वेगळा. पेडल, माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्ट, इंजिनाचा कॉम्प्युटर असे सगळेच बदलत जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. बेकायदा बदलासाठी कलम १८२ अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून गाडी केए-२२ असो की एमएच-०९, नोंदणी जिथली आहे त्या आरटीओत आधी विचारावे, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

सगळे बसल्यावर लगेच रस्त्यावर जाऊ नये. ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबावे, गळती बघावी, तेलाची पातळी पुन्हा तपासावी. आणि तोंडे हाताने मिटत नसतील तर पाना खाली ठेवावा आणि गिअरबॉक्स परत उतरवावा. त्यात एक दिवस जाईल, पण गिअरबॉक्सचे पैसे वाचतील.