ई-मेलवर शिक्का कधी आला?

१६८१ साली झाँ माबियों या बेनेडिक्टाइन संन्याशाने 'दे रे दिप्लोमातिका' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जुनी सनद खरी की बनावट, हे लिपी, भाषाशैली, मुद्रा आणि कालोल्लेख यांवरून कसे ताडावे, याचे शास्त्र त्याने मांडले. मठांचे जमिनींवरील हक्क अशा सनदांवर उभे होते, त्यामुळे हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा नव्हता. आपल्या पिढीची कागदपत्रे मात्र ई-मेलमध्ये आहेत. त्यांना ना शाई, ना कागद. मग खरे-खोटे ठरवायचे कशावरून?

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेटवर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला एसएमटीपीचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि टपालाची रीत ठरली. त्या रीतीत प्रेषकाचे नाव दोनदा येते : एकदा लिफाफ्यावर, एकदा आतल्या पत्राच्या माथ्यावर. पाठवणारे यंत्र जे सांगेल ते दोन्ही ठिकाणी मान्य! याला भाबडेपणा म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. जाळ्यावर विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या, माणसे एकमेकांना ओळखत होती. गावात अनोळखी मनुष्यच नसेल, तर वेशीवर चौकी कोण बसवील?

नव्वदच्या दशकात जाळे सर्वांना खुले झाले. नको असलेल्या जाहिराती आल्या, मागोमाग बँकांच्या नावाने फसवी पत्रे आली. २००२ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी एक छोटे टिपण लिहिले; २००३ मध्ये मेंग वेंग वाँग यांनी तशाच कल्पनांतून एसपीएफ घडवले. तत्त्व सोपे आहे. डोमेनच्या मालकाने डीएनएस या सार्वजनिक नोंदवहीत जाहीर करायचे, 'माझ्या नावाने पत्रे फक्त या सर्व्हरांवरून निघतात.' घेणाऱ्याने नोंद पाहून पडताळा घ्यायचा. उणीव अशी की एसपीएफ लिफाफा तपासते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतो तो पत्राचा माथा.

२००४ मध्ये सर्वमान्य मानक ठरवण्यासाठी नेमलेला अभ्यासगट पेटंटच्या वादात बुडाला. मायक्रोसॉफ्टच्या 'सेंडर आयडी'च्या परवान्याच्या अटी अपाची आणि डेबियन यांनी नाकारल्या. सप्टेंबरमध्ये गट विसर्जित झाला.

दरम्यान याहूमध्ये मार्क डिलेनी यांनी दुसरी वाट धरली होती : पत्रावरच गणिती सही. गुप्त किल्ली डोमेनच्या मालकाकडे, तिची उघड जोडकिल्ली डीएनएसमध्ये. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. सिस्कोच्या समांतर प्रयत्नाशी तिचा मेळ घालून २००७ मध्ये डीकेआयएम हे मानक झाले. (यात एक गंमत आहे. सही मजकुराच्या ठराविक लांबीपुरतीच लागू करण्याची मुभा तिथे दिली गेली; म्हणजे खाली कोणी ओळी वाढवल्या तरी सही शाबूत! आपल्याकडे पत्र संपले की मोर्तब करत, ते नेमके हीच वाढ रोखण्यासाठी.)

२०११ मध्ये एका गणितज्ञाला गूगलकडून नोकरीविषयी पत्र आले. त्याला संशय आला, म्हणून त्याने सही तपासली. किल्ली अवघ्या ५१२ बिटांची निघाली. भाड्याच्या संगणकांवर तीनेक दिवसांत ती फोडून त्याने गूगलच्या एका संस्थापकाला दुसऱ्या संस्थापकाच्या नावाने पत्र पाठवले. काही दिवसांतच गूगलची किल्ली २०४८ बिटांची झाली.

२०१२ च्या जानेवारीत डीमार्क जाहीर झाले. पत्राच्या माथ्यावरील डोमेन एसपीएफ किंवा डीकेआयएमने सिद्ध झालेल्या डोमेनशी जुळले पाहिजे. न जुळल्यास काय करावे, हे मालकानेच सांगायचे : नुसते पाहा, संशयितांत टाका किंवा नाकारा. शिवाय आपल्या नावाने कोण काय पाठवतो, याचे अहवाल मालकाला मिळू लागले. एप्रिल २०१४ मध्ये याहूने थेट 'नाकारा' निवडले आणि जगभरच्या चर्चागटांची पत्रे परत येऊ लागली. कारण गटाचा सर्व्हर विषयाला नाव जोडतो, तळाला टीप लावतो, सही मोडते. बनावट पत्रे रोखण्याची किंमत बिनपैशाने गट चालवणाऱ्या माणसांनी मोजली, हे या इतिहासात फारसे सांगितले जात नाही. फेब्रुवारी २०२४ पासून तर जीमेलला दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना ही तिन्ही बंधने अनिवार्य झाली.

आता आपल्या विषयाकडे. ऑक्टोबर २०१६ मध्ये विकिलीक्सने जॉन पोडेस्टा यांची पत्रे उघड केली. त्यांतील अनेकांवरच्या डीकेआयएम सह्या कोणालाही तपासता आल्या. वाटेतल्या पडताळणीसाठी केलेली सही कायमचा पुरावा ठरली. हे कोणी योजलेले नव्हते. म्हणूनच २०२० मध्ये मॅथ्यू ग्रीन या कूटशास्त्रज्ञाने गूगलकडे मागणी केली की वापरातून गेलेल्या गुप्त किल्ल्या प्रसिद्ध कराव्यात. किल्ली सर्वांहाती आली की जुने पत्र कोणीही रचू शकतो, आणि चोरलेल्या पत्राचा पुरावा म्हणून भाव उरत नाही.

खासगीपणाच्या बाजूने हा युक्तिवाद बळकट आहे. तरीही अभिलेखागाराच्या बाजूने पाहता मला तो जड जातो. उघड किल्ल्याही बदलतात आणि डीएनएसमधून नाहीशा होतात. ई-मेल जतन करायचे, तर मूळ शीर्षनोंदींसह आणि त्या दिवसाच्या उघड किल्लीसह करावे लागेल. छापील प्रतीवर यांपैकी काहीच उतरत नाही.