पांढरी अळंबी : निवड, साठवण आणि मालवणी वाटण

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या की सिंधुदुर्गात वारुळांवर उगवणाऱ्या रानअळंबीचा शोध सुरू होतो. ही अळंबी वाळवीच्या आश्रयाने वाढते. तिची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही, त्यामुळे मोसम सरला की ती दिसेनाशी होते. वर्षभर दुकानात मिळणारी पांढरी ‘बटण’ अळंबी, म्हणजेच अगॅरिकस बायस्पोरस, हे निराळेच प्रकरण आहे. फळे धरताना तिला साधारण १४ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. किनारपट्टीच्या दमट उकाड्यात शीतखोलीविना हे अशक्यच. कोकणात भाताच्या पेंढ्यावर येणारी धिंगरी अळंबी त्या मानाने सोयीची. मालवणात घरी येणारी बटण अळंबीची डबी मात्र बहुधा दूरचा प्रवास करून आलेली असते आणि तिच्या ताजेपणाचे काही दिवस वाटेतच खर्ची पडलेले असतात.

म्हणूनच खरेदी करताना डबीवरील तारखेबरोबरच अळंबीकडेही नीट पाहावे. टोपी मिटलेली, देठाशी असलेला पडदा अखंड आणि स्पर्श कोरडा असावा. अतिशुभ्र रंगावर भाळू नये. रंग टिकविण्यासाठी अळंबी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात धुण्याची पद्धत आपल्याकडे आहे. किंचित पिवळसर छटा हा दोष नव्हे. चिकटपणा आणि आंबूस वास हे मात्र नक्कीच दोष होत.

अळंबीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि ते रोखून धरणारी जाड साल तिला नसते. शिवाय तोडल्यानंतरही तिचे श्वसन जोमाने चालू राहते. गच्च बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत हीच वाफ पाणी होऊन साचते व अळंबी बुळबुळीत होते. हवाबंद पिशवीत प्राणवायू संपला की घातक जिवाणूंचीही भीती असते. तेव्हा अळंबी न धुता कागदी पिशवीत किंवा सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी. चांगली निवडलेली अळंबी अशा रीतीने चार-पाच दिवस टिकते.

अर्थात, वीज असेल तर! पावसाळ्यात किनाऱ्यावरील गावांना विजेचा भरवसा नसतो. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळानंतर अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. दार न उघडल्यास फ्रिजमधील गारवा सुमारे चार तास टिकतो, त्यानंतर अळंबीची परीक्षा पाहू नये. तेलावर परतून, पाणी आटवून ती त्याच दिवशी संपवावी. वीज नियमित असेल तर अशी परतलेली अळंबी बर्फाच्या कप्प्यात ठेवता येते. कच्ची गोठविल्यास मात्र ती पुढे स्पंजासारखी लिबलिबीत होते. वाळवणासाठी धिंगरी अधिक बरी, पण आषाढात ऊन आणायचे कोठून?

रांधण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली झटपट धुऊन लगेच पुसावे. भिजत घालू नये. रुंद कढईत, मोठ्या आचेवर, एका वेळी थोडीच अळंबी टाकावी. गर्दी झाली की ती स्वतःच्याच पाण्यात उकडते. मीठ तांबूस रंग आल्यावरच घालावे. भाजलेला कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि मालवणी मसाला त्यानंतर. वाटण आधी पडले तर सुटलेल्या पाण्याने रस पातळ होतो. आमसुले शेवटी. तिरफळ बांगड्याला शोभते, या सौम्य चवीच्या अळंबीला ते जड जाते. २०० ग्रॅमची डबी आटून जवळपास निम्मी होते, हे पाहुण्यांची संख्या मोजताना लक्षात ठेवलेले बरे.

एक धोका मात्र गंभीर आहे. दुकानातील अळंबीसारखी दिसते म्हणून परसातली वा रानातली पांढरी अळंबी तोडून आणली जाते. सोबत चांदीचे नाणे किंवा लसूण घालून शिजवावे, काळे पडले तर अळंबी विषारी, असा समज अद्याप प्रचलित आहे. त्याला कोणताही आधार नाही. शिजविल्यानेही अमानिटा जातीच्या घातक अळंबीतील विष नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात, मध्यंतरी रुग्णाला बरे वाटू लागते आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे आणि उरलेली अळंबी, शिजलेली असली तरी, सोबत न्यावी.