मद्यवासित विलायती तमाखूची परीक्षा व गंधशास्त्राची परिभाषा

चिंचवड, देहू, चाकण या पट्ट्यांतील जुन्या घरांतून पोथ्या व दप्तरें पाहण्याचा योग आम्हांस गेलीं अनेक वर्षें येत आहे. अलीकडे त्या पोथ्यांच्या कपाटांतच पाइपाच्या विलायती तमाखूचे पत्र्याचे डबे ठेविलेले आढळूं लागले आहेत. चाकणच्या कारखान्यांतील कामानिमित्त घरांतील मुलगे, जांवई विलायतेस जाऊन येतात व येतांना तेथील डबे आणितात. आणि ज्यास हस्तलिखितें जमविण्याची हौस, त्यास डब्यावरील छाप, सन व मिश्रणाचें नांव यांचीही हौस लागावी हें स्वाभाविकच होय. या डब्यांपैकीं पुष्कळांतील तमाखूस रम, व्हिस्की अथवा ब्रँडी यांचा वास दिलेला असतो. त्यावरून आमच्या स्नेह्यांत वाद उपस्थित झाला. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, खरी इंग्रजी तमाखू म्हणजे केवळ पान. मद्याचा वास हा अर्वाचीन प्रक्षेप, सबब तसा डबा संग्रहास अयोग्य. दुसरा पक्ष म्हणतो, वास चांगला असला म्हणजे झालें, मुळाची चौकशी कशाला? आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं पाठचिकित्सेचा साधा नियम सोडला आहे. अमुक भाग प्रक्षिप्त असें म्हणण्यापूर्वीं, मूळ पाठ शुद्ध होता असें कोणीं, केव्हां व कशासाठीं ठरविलें तें पाहावें लागतें.

तमाखू इकडे केव्हां आली याचा ऊहापोह भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं विस्तारानें केला आहे. त्याची पुनरुक्ति येथें करीत नाहीं. अकबराचा सेवक असदबेग विजापुराहून परतला तेव्हां, इ. स. १६०४–०५ च्या सुमारास, त्यानें तेथून आणलेली तमाखू व जडावाची नळी बादशहापुढें ठेविली. बादशहानें दोनचार झुरके घेतले, हकीमानें हरकत घेतली, आणि बादशहानें संवय लावून घेतली नाहीं तरी दरबारी मंडळींनीं ती लावून घेतली, हा वृत्तांत वाचकांस विदित आहेच. म्हणजे उत्तरेकडील दरबारास तमाखू मिळाली ती दक्षिणेंतून. पुढें योगरत्नाकरासारख्या वैद्यकग्रंथांत तिचे गुणदोष आले. देहूच्या तुकोबांच्या नांवानें तमाखूच्या धुराचा निषेध करणारा जो अभंग सांगितला जातो, तो त्यांचाच मानिला तर असदबेगानंतर अर्धशतकाच्या आंतच हा धूर इंद्रायणीच्या कांठीं पोहोंचला होता असें म्हणावें लागतें. संग्राहकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, ज्या संस्कृत पोथींत तमाखूचा स्पष्ट उल्लेख असेल तिचा तो भाग इ. स. १५०० च्या पूर्वींचा असूं शकत नाहीं. मग पुष्पिकेंत कोणत्याही पुराणाचें नांव असो. ‘तमाल’ शब्दाचा अर्थ ओढून तमाखू करणारे पंडित आजही भेटतात. त्यांच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

आतां ‘शुद्ध इंग्रजी तमाखू’ ही कल्पना घेऊं. असदबेगाच्याच काळीं, इ. स. १६०४ मध्यें, इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजानें तमाखूच्या निंदेची पुस्तिका लिहिली, आणि त्याच वर्षीं पौंडामागें दोन पेन्स असलेली जकात सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. तेव्हांपासून तमाखू हें तेथें सरकारी उत्पन्नाचें एक मोठें साधन होऊन बसलें. जकात पडे ती पानाच्या वजनावर. अर्थात् कारखानदारानें जकात भरलेल्या पानांत साखर, काकवी किंवा मध मिसळला तर त्या स्वस्त वजनाचे पैसे गिऱ्हाइकाकडून तमाखूच्या भावानें मिळत, व सरकारची तितकी जकात बुडे. इ. स. १८४२ च्या कायद्यानें पाण्यावांचून अन्य पदार्थ मिसळण्यास मनाई झाली ती या कारणानें. इ. स. १८६३ च्या कायद्यानें गोड केलेली ‘कॅव्हेंडिश’ तमाखू जकातीच्या बंद वखारींत करण्यास मुभा मिळाली, म्हणजे उत्पन्नाची सोय लागतांच गोडीचा दोष नाहींसा झाला! यावरून उघड होतें कीं, ज्या शुद्धतेचा आमचे स्नेही इतका अभिमान वाहतात ती रसिकांनीं ठरविलेली नव्हे. ती जकातीच्या कारकुनांनीं ठरविलेली आहे.

जकातीच्या कचेरीबाहेर काय चाललें होतें तेंही पाहावें. आरमारांतील खलाशी आपल्या वांट्याचीं पानें रममध्यें भिजवून किरमिजाच्या तुकड्यांत गुंडाळीत, त्यावर दोरी घट्ट आवळीत, आणि महिन्यामहिन्यांनीं ती लाकडासारखी घट्ट झालेली कांडी चाकूनें कापून ओढीत. ‘नेव्ही कट’ या नांवांत तीच आठवण आहे. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीची ‘कॅपस्टन नेव्ही कट’ आपल्या इकडे खडकीच्या छावणीपासून पुण्याच्या कँपापर्यंत एके काळीं सर्वांस ठाऊक होती. पण त्या नांवाचा दोरखंडाशीं व रमशीं संबंध आहे हें ओढणारांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल. उत्तर इंग्लंडांतील केंडल गांवीं इ. स. १७९२ पासून तपकीर व तमाखूचे कारखाने चालत आले, तेथेंही फुलांच्या व फळांच्या अर्कांचा वास देण्याची रीत टिकून राहिली. एकंदरींत मद्याचा वास हा मागाहून घुसडलेला नाहीं. कायद्यानें झांकलेला तो एक जुना पाठच आहे.

आपल्याकडे तर हा प्रश्न कधीं उद्भवलाच नाहीं. हुक्क्याची तमाखू म्हणजे गुडाखू. गूळ किंवा काकवी, क्वचित् पिकलेलें केळें व मसाला घालून कुटलेली. तिच्या नांवांतच गूळ आहे. रम ही काकवीपासून गाळतात. म्हणजे पुण्याच्या सरदाराच्या हुक्क्यांतील गोडी आणि इंग्रज खलाशाच्या कांडींतील गोडी या एकाच उंसाच्या होत. एकानें ती आंबवून गाळली, दुसऱ्यानें तशीच घातली, इतकाच भेद. मनूनें सुरा तीन प्रकारची सांगितली आहे, गौडी, पैष्टी व माध्वी. गौडी गुळाची, पैष्टी पिठाची, माध्वी मधूची अथवा मोहाच्या फुलांची. आजच्या डब्यांस ही विभागणी आश्चर्यकारक रीतीनें लागू पडते. रमचा डबा गौडी. व्हिस्की धान्याची, म्हणून पैष्टी. आणि द्राक्षांच्या ब्रँडीस माध्वींत घालण्यास भाष्यकारांची फारशी हरकत नसावी. (मनूनें मद्याचा नुसता वास घेणें हेंही जातिभ्रंशकर पातकांत गणिलें आहे. पुढील परीक्षा वाचणारांनीं तें लक्षांत ठेवून आमच्याविषयीं उदार बुद्धि ठेवावी.)

वास कसा दिला, हें सांगण्यास मात्र डब्यांवरील इंग्रजी शब्द पुरे पडत नाहींत. तेथें आमच्या गंधशास्त्रानें धांवून यावें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीस एक अध्याय दिला आहे. परंतु आमच्या कामाचा खरा ग्रंथ म्हणजे गंगाधराचा ‘गंधसार’, व त्याच पोथींतील ‘गंधवाद’, ज्यावर जुन्या मराठींत टीका आहे. या पोथीकडे विद्वानांचें लक्ष गोडे यांनींच वेधलें आणि टीकेचा काळ इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यानचा ठरविला. पुढें १९८९ मध्यें बडोद्याहून दोन्ही ग्रंथ छापून निघाले. सुगंधाच्या धंद्यावर मराठींत इतकी जुनी टीका असावी, आणि ती आपल्या संग्राहकांपैकीं दहांतील एकानेंही वाचलेली नसावी, हें आम्हांस खटकतें. गंगाधरानें सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासना.

तमाखूच्या कारखान्यांत हेंच चालतें. बर्ली जातीचें पान सावलींत वाळवितात. त्यांत साखर जवळजवळ नसते व तें टीपकागदासारखें द्रव शोषून घेतें. त्यास काकवी, ज्येष्ठमध, रम यांच्या पाकांत मुरवितात, ती भावना. व्हर्जिनियाचें पान बंद भट्टींत उष्ण हवेवर पिवळें करितात, त्यांत स्वतःचीच साखर पुष्कळ राहते, म्हणून त्यास भावना थोडी पुरते. मग वड्या दाबून, वाफेची ऊब देऊन त्या काळवंडूं देतात, तें पाचन. सीरियाच्या बंदराचें नांव मिळालेली लताकिया तमाखू सुगंधी लांकडांच्या धुरावर धरितात, हें तर सरळ धूपनच. मिश्रणांत एखादें तीव्र पान किंचित् घालून इतरांचा वास जागा करणें अथवा भेदणें, हे बोध व वेध. आणि शेवटीं, डब्यांत भरण्यापूर्वीं, वरून मद्याचा शिडकावा करितात, ती वासना.

भावना व वासना यांतील हा भेद हेंच सर्व परीक्षेचें मर्म आहे. भावनेचा रस पानांत मुरून पानाचा होतो, जशी जुनी टिप्पणी शतकांनंतर मूळांतच मिसळून जाते. वासना वर तरंगते, समासांत नव्या शाईनें लिहिलेल्या शेऱ्यासारखी. दारूचा अर्क ७८ अंशांवर उकळतो. पाइपांतील निखारा शेंकडों अंशांचा. तेव्हां मद्य म्हणून जें कांहीं असेल तें पहिल्या झुरक्यांपूर्वींच उडून गेलेलें असतें. मागें राहतो तो गाळीव मद्याबरोबर आलेला लांकडी पिंपाचा, फळाचा अथवा जळक्या साखरेचा अंश. झांकण उघडतांच आलेला घमघमाट म्हणजे पुष्पिका. तिच्यावरून ग्रंथाचा निकाल देऊं नये.

आम्ही स्वतः धूमपान करीत नाहीं. चरकानें धूमवर्तीच्या नळीची लांबी चोवीस, बत्तीस व छत्तीस अंगुळें अशी प्रकारपरत्वें सांगितली, अतिधूमाचे विकार सांगितले, आणि मद्य पिऊन धूम घेऊं नये असेंही सांगितलें. त्याच्या वर्तींत तमाखू नव्हतीच, आणि तमाखूच्या धुरानें मुखाचे कर्करोग होतात हें तर आतां सिद्धच आहे. म्हणून ओढण्याचें काम आमच्या एका जुन्या सवयीच्या स्नेह्याकडे दिलें, नाक आमचें. पाइप पांढऱ्या मातीचा, कोरा घेतला, कारण ब्रायर लांकडाच्या पाइपांत पूर्वींच्या तमाखूची वासना पूर्वजन्माच्या वासनेसारखी चिकटून राहते. प्रत्येक डब्यांतील चिमूटभर पान साध्या कागदावर पसरून एक अहोरात्र उघडें ठेविलें, व उडण्यासारखें उडून गेल्यावर वास घेतला. नंतर पाइपाचा पहिला, मधला व शेवटचा तृतीयांश असे तीन निरनिराळे निर्णय लिहून घेतले.

गौडी सर्वांत उतरली. रमच्या काळ्या वडीचा वास दुसऱ्या दिवशींही होता, पण रमचा म्हणून नव्हे. जुन्या गुळाच्या ढेपेचा, ओल्या सालीचा, किंचित् अंजिराचा. स्नेह्यांच्या सांगण्याप्रमाणें शेवटच्या तृतीयांशांत मद्य अजिबात नव्हतें आणि तमाखू पहिल्यापेक्षां चांगली होती. येथें भावना पानाच्या स्वतःच्या गोडीशीं सजातीय होती, म्हणून ती टिकली. पैष्टीची गोष्ट निराळी. डबा उघडतांना व्हिस्कीचा भास उत्तम, दुसऱ्या दिवशीं केवळ लांकडाचा व व्हॅनिलाचा वास, आणि धुरांत तोही नाहीं. खालचें पान मात्र प्रामाणिक होतें. हा डबा वाईट म्हणतां येत नाहीं, फक्त त्याचें नांव मोठें आहे. माध्वीनें निराशा केली. ब्रँडीचा म्हणून जो फळासारखा तिखटगोड वास होता तो अहोरात्रानंतरही तसाच, मध्यावरही तसाच, राखेंतही तसाच. खरें मद्य असें टिकत नाहीं. हा गाळीव ब्रँडीचा अंश नव्हे, कृत्रिम अर्क होय असें आमचें मत आहे. शिवाय साखरेच्या अतिरेकानें धूर ओला व कढत होऊन स्नेह्यांची जीभ पोळली. जिभेस असा चटका बसला म्हणजे समजावें कीं, हलक्या पानावर जाड लेप चढविला आहे. ज्या पोथींत प्रत्येक ओळ सोनेरी शाईनें लिहिली आहे तिचा पाठ आम्ही नेहमींच संशयानें वाचतों.

तेव्हां संग्रहास योग्यायोग्य ठरवितांना मद्याचा वास आहे कीं नाहीं हा प्रश्नच गैरलागू आहे. वास गेल्यावर पान उरतें कीं नाहीं, हा प्रश्न विचारावा.

या डब्यांचें स्थान कोणतें, याविषयीं मात्र आम्ही निष्ठुर आहोंत. वेखंड व कडुनिंबाबरोबर तमाखूचीं सुकीं पानें पोथ्यांत ठेवण्याची जुनी चाल आहे, व तिच्याच आधारावर हे डबे कपाटांत गेले आहेत. मद्यवासित तमाखू ओलसर व साखरयुक्त असते. झांकण सैल झालें कीं मावळच्या पावसाळ्यांत तिला बुरशी येते, झुरळें व कसर जमते, आणि कागदावर तिचा तपकिरी डाग बसला तर निघत नाहीं. इतकेंच नव्हे, तर प्राणिशास्त्रज्ञ ज्यास लासिओडर्मा सेरिकॉर्ने म्हणतात तो तमाखूचा बारीक भुंगा सुक्या तमाखूंतच वाढतो, आणि तेथून बाहेर पडून ग्रंथांची खळ व पुठ्ठे पोखरतो. ज्या वस्तूस आपण रक्षक समजून पोथीशेजारीं बसवितों तीच भक्षकाचें घर आहे. डबे दुसऱ्या खोलींत न्यावे. पोथ्यांस वेखंड पुरेसें आहे.

ज्यांच्या दप्तरांत हुक्केखान्याच्या खर्चाच्या याद्या किंवा गुडाखूचें साहित्य नोंदलेले कागद असतील त्यांनीं त्यांची नक्कल मंडळाकडे अवश्य धाडावी. गूळ, काकवी, केळें, केवडा, मसाला यांचीं नांवें व शेर, पावशेर, टांक हीं मापें मोडींत जशीं असतील तशींच उतरावीं, आजच्या मापांत बदलूं नयेत. कोणत्या यादींत मद्याचें नांव सांपडल्यास तो कागद आधीं धाडावा.